गार हवा आणि ताजी हवा

मंडळी, एसीच्या बंद इमारतींत ताजी हवा कमी पडते, हा विषय मोठा आहे आणि संयोजकांनी दिलेला वेळ लहान, तेव्हा थेट माझ्या आवडत्या तक्रारीवर येतो.

मी एका कार्यालयात नोकरी करत होतो. नाव सांगत नाही, तिथली मंडळी अजून भेटतात. तिथली मीटिंगची खोली म्हणजे नुसती काच. खिडक्या कायमच्या बंद, भिंतीवर स्प्लिट एसी आणि आत दाटीवाटीने बसलेले आम्ही. दुपारची मीटिंग सुरू झाली की अर्ध्या तासात मागची रांग पेंगायला लागे. साहेबांचं निदान ठरलेलं, ‘जेवताना जरा हात आखडता घ्या.’ मग मीटिंग जेवणाआधी घेऊन पाहिली. तरी डुलक्या चालूच! शेवटी उत्साह वाढवायला बाहेरून एक वक्ते आणले. त्याच खोलीत, दार लावून! थोड्या वेळाने तेच जांभया द्यायला लागले. हसताय काय, मीही वक्ताच आहे. फरक एवढाच, इथल्या खिडक्या उघड्या आहेत की नाही ते मी आल्याआल्या पाहून घेतलं.

रिमोटवरून मात्र रोज भांडणं. एकाला अठरा हवं, दुसरीला सव्वीस. बाहेरची हवा आत येते कुठून, हे कुणीच विचारत नव्हतं. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. बाहेरचं युनिट आतली उष्णता बाहेर फेकतं, बाहेरची हवा आत आणत नाही. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की, खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजा, हवा किती शिळी झाली ते कळेल. त्यांनी घातलेली मर्यादा १००० पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग. आज बाहेरच्या हवेत साधारण ४२० असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. बंद खोलीत तो किती भराभर चढेल, बघा.

चिठ्ठी आली! पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता धावत.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज वाचवायला इमारती घट्ट बंद होत गेल्या. १९८१ च्या अमेरिकी मानकात, धूम्रपान नसलेल्या कार्यालयात, माणशी मिनिटाला ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी मानली होती. १९८९ मध्ये ती २० करावी लागली. मधल्या काळात डोकेदुखी, डोळ्यांची चुरचुर, कोरडा घसा, थकवा या तक्रारी वाढल्या. घरी गेलं की बरं वाटायचं, म्हणून कामचुकारपणाचा शिक्का. मॅसॅच्युसेट्समधल्या ४० इमारतींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जिथे बाहेरची हवा कमी, तिथे आजारपणाच्या छोट्या रजा जास्त निघाल्या. एकाच्या खोकल्यातले विषाणू तीच ती हवा सगळ्यांना वाटते, हे कारण अगदी संभवतं.

बाहेरची हवाच खराब असेल तर? फिल्टर लावून घ्या, आणि तो वेळेवर बदला. एसीची केंद्रीय यंत्रणा असेल तर देखभालवाल्यांना एवढंच विचारा, बाहेरच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे ती आत सोडणारा झडपेचा पडदा, उघडा आहे का? बिल कमी यावं म्हणून तो बंद करून ठेवलेला सापडतो. हो हो, थांबतो. पहिला प्रश्न कुणाचा?