चेंडू न दिसणारं बास्केटबॉल

(पडद्यावर तक्ता. माउसचा बाण हळूहळू खाली सरकतोय.)

बास्केटबॉलच्या गेमवर फिल्म करायची म्हणून कॅमेरा लावला, आणि समोर आला हा तक्ता. ना चेंडू, ना रिंग. ओळीने पोरांची नावं आणि पुढे आकडे: चपळाई, वेग, रिबाउंड (म्हणजे हुकलेला चेंडू पकडणं), बचाव, पासिंग, दम. गेमचं नाव हूप्स डायनेस्टी, व्हॉटइफस्पोर्ट्स या अमेरिकन साइटवर ब्राउजरमध्येच चालतो. कॉलेजं खरी, गावं खरी. पोरं मात्र संगणकाने जन्माला घातलेली. तुम्ही कोच. सामना सर्व्हर खेळतो. तुमच्या हातात असतं ते त्याच्या आधीचं सगळं.

(डावीकडे नावांची यादी.)

या गेममध्ये अनेक दुनिया समांतर चालतात आणि प्रत्येकीला एखाद्या कोचचं नाव आहे. हे वुडन. यूसीएलए या कॉलेजला 12 वर्षांत 10 विजेतेपदं मिळवून दिली. हे टार्कानियन, सामनाभर टॉवेल चावत बसायचे. आणि हे नेस्मिथ. 1891 मध्ये हा खेळच त्यांनी शोधला, पण कॅन्सस विद्यापीठात कोच म्हणून त्यांचा हिशेब तोट्याचा: 55 विजय, 60 पराभव. खेळ शोधणं वेगळं, पोरं सांभाळणं वेगळं.

नवा कोच थेट वुडनच्या खुर्चीत बसत नाही. त्याला तिसरी डिव्हिजन मिळते, म्हणजे छोटी कॉलेजं. आम्ही घेतलं आयोवा राज्यातलं ग्रिनेल. मक्याच्या शेतांमधलं गाव. खऱ्या ग्रिनेलच्या जॅक टेलरने 20 नोव्हेंबर 2012 ला एकाच सामन्यात 138 गुण केले होते, त्यासाठी बास्केटवर 108 वेळा चेंडू मारला होता! इतका चेंडू एकाच पोराला द्यायचा म्हणजे बाकीच्या चौघांना काय वाटलं असेल, ते सोडा.

(अमेरिकेचा नकाशा. एकेका राज्याला रंग चढतो.)

आता भरती. यातच कोचची अर्धी झोप जाते. आधी स्काउटिंग, म्हणजे पोरं हेरणं. पोराचे आजचे आकडे दिसतात, पण तो किती वाढेल हे झाकलेलं असतं. त्यासाठी राज्य निवडून पैसे मोजायचे, सहायकाला पाठवायचं, एकेक थर उघडायचा. बजेट बेताचं, त्यात पोर लांबचं असलं की खर्च चढतो. म्हणून छोट्या कॉलेजचा कोच आधी आसपासचीच राज्यं धुंडाळतो.

हा बघा, शेजारच्या मिसूरी राज्याचा पोरगा. उंच, पण नेमबाजी यथातथाच. स्थानिक मोठ्या कॉलेजने त्याच्याकडे पाहिलेलंही नाही. त्याच्या पसंतीच्या रकान्यात लिहिलंय: घराजवळ हवं, आणि कोच वर्षानुवर्षं टिकणारा हवा. दुसऱ्याला पडत्या संघाला उभं करायला आवडतं. तिसऱ्याला तगड्या संघांशी रोज भिडायचंय. पसंती जुळली तर तुमच्या प्रत्येक पैशाला जोर येतो. नाही जुळली तर कितीही ओता.

मग रोज थोडं थोडं लक्ष द्यायचं. त्याच्या घरी भेट द्यायची. कॅम्पसवर एकदाच बोलवायचं, दुसऱ्यांदा नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवताना चालतो तसाच हा सगळा प्रकार, फक्त वरपक्ष अनेक. कारण पलीकडून दुसरे कोचही त्याच पोराच्या मागे असतात, त्यात काही हाडामांसाची माणसं, कुठल्यातरी दुसऱ्या शहरात जागी. शेवटी जो-जो पुरेसा जवळ पोचलाय, त्याच्या नावापुढे टक्केवारी येते आणि चिठ्ठी काढल्यासारखा निकाल लागतो. 70 टक्के असूनही पोरगा दुसरीकडे जातो.

(पडद्यावर दोन चौकटी. एकीत खूण केली जाते.)

ही चौकट नीट बघा. "सुरुवातीच्या पाचात घेईन", आणि खाली, इतकी मिनिटं मैदानावर ठेवीन. शब्द देणं फुकट आहे. पाळलं नाही तर पोरगा संघ सोडून जाऊ शकतो. अठरा वर्षांच्या पोराला शब्द देऊन विसरणारे कोच खऱ्या मैदानांवरही कमी नसतात. गेमने निदान त्याची किंमत लावली आहे.

(सरावाची पाटी. मिनिटांचे आकडे बदलतात.)

पोरगा आला की खरं काम सुरू. सरावाची मिनिटं वाटायची: इतकी नेमबाजीला, इतकी बचावाला, आणि काही अभ्यासालाही, कारण मार्क घसरले तर त्याला खेळता येत नाही. मेहनती वृत्तीचा वेगळा आकडा असतो. तोच माझ्या लेखी सगळ्यात मोठा. मेहनती पोर हळूहळू चढतं. आळशी पोराला आयते गुण असूनही तिथल्या तिथेच. त्यात खेळण्याच्या पद्धतीची समज परीक्षेतल्या ग्रेडसारखी अक्षरांत मोजली जाते. प्रेस, म्हणजे मैदानभर दाबून धरणारा बचाव, शिकवत आणलेल्या संघाला मध्येच झोन बचावावर, म्हणजे ज्याने-त्याने आपापली जागा राखण्यावर नेलं, की सगळ्यांची समज पुन्हा तळाला. आमच्या संघात बारा पोरं आणि मिसूरीवाला बाकावरचा अकरावा. दोन सीझन तिथेच.

(तिसऱ्या सीझनची ओळ. आकडे हिरवे होत जातात.)

सामन्याचं दृश्य नाही, कारण ते नसतंच. लिहिलेल्या ओळी येतात: अमुकने रिबाउंड घेतला, तमुकने पास दिला. त्या वाचा.

पुढचं थोडक्यात. मोठ्या डिव्हिजनमध्ये खराब सीझन गेले की कोचची हकालपट्टी होऊ शकते, आणि तिथला तारा मुदतीआधीच व्यावसायिक लीगकडे पळतो, तोवर भरतीची पहिली फेरी संपलेली.

(चौथा सीझन. सुरुवातीच्या पाचांत त्याचं नाव.)

चार वर्षं झाली की पोरगा पदवी घेऊन जातो. त्याची ओळ तक्त्यातून नाहीशी होते. आता अकराच नावं, एक ओळ रिकामी.

(बाण पुन्हा नकाशाकडे. मिसूरी.)