वहीतला ‘एस’ आणि बोलीतला ‘स’

(धुळ्यात बी.एड. आणि एम.ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, मी आज अध्यापन पद्धतींवर बोलणार नाही. प्रत्यक्ष पद्धत, व्याकरण-भाषांतर पद्धत, संरचना पद्धत, त्यांचे गुण-दोष, हे सगळं परीक्षेपुरतं तुम्हाला पाठ आहेच आणि तेवढ्याला गाइड पुरतं. एम.ए.वाले चॉसरपासून एलियटपर्यंत जाऊन आलेत, नोट्सवरून का होईना. या दोन्ही अभ्यासक्रमांतून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे सातवीतल्या पोराची इंग्रजीची वही.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यातले 20 आठवडे शाळेत काढायचे, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. वेळ काही थोडा नाही. पण तो जातो टाचणात, तक्त्यांत, निरीक्षण वहीत आणि मार्गदर्शकांच्या सहीमागे पळण्यात. सर मागच्या बाकावर बसणार म्हणून वर्गाला उत्तरं आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली असतात. हसू नका, सगळ्यांनी केलंय. मुलांच्या वह्या मात्र घंटा व्हायच्या आत उरकायच्या.

अशीच एक तपासलेली वही मी पाहिली. निबंधाचा विषय ‘माय मदर’. पोराने लिहिलं होतं : ‘माय मदर गेट अप अ‍ॅट फाइव्ह. शी मेक भाकरी. शी गो टू फील्ड. शी पिक कॉटन. आय गोज टू स्कूल.’ छात्राध्यापिकेने पहिल्या चार ओळींत क्रियापदाला एस लावला, पाचवीतला काढला, खाली ‘केअरलेस’ असा शेरा, सही, तारीख. झालं काम.

मला ते पोर निष्काळजी वाटत नाही. क्रियापदाला कुठेतरी एस लागतो हे त्याला कळलंय, फक्त जागा सापडलेली नाही. पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने 1967 साली हेच मांडलं : शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात घडत असलेल्या नियमांचा पुरावा. यावर आपल्या पेपरात टीप येते. ती टीप मार्क मिळण्याइतकी छान लिहायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ‘केअरलेस’ लिहायचं, असं आपलं चाललंय.

आणि हा एस इंग्रजांच्या पोरांनाही लवकर येत नाही. रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवलं आणि 1973 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्याने 14 व्याकरणिक घटकांचा क्रम लावला. त्यात अनेकवचनाचा एस चौथा आणि क्रियापदाचा हा एस दहावा. कानाला आवाज एकच, तरी एक आधी येतो आणि दुसरा कितीतरी मागून. आपलं पोर तर दिवसाकाठी जेमतेम एक तास इंग्रजी ऐकतं, तेही बऱ्याचदा मराठीतून.

उलट त्याच पोराचं मराठी बघा. मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद चाललंय खाल्लेल्या वस्तूच्या लिंगामागे. हे त्याला कोणी फळ्यावर शिकवलेलं नाही. शाळेत पाऊल टाकण्याआधीच ते हे बिनचूक बोलतं. ज्याला एवढं सांभाळता येतं, त्याला एका एसचं ओझं का व्हावं?

आता इथल्या घरांत काय बोलतात ते ऐका. मी करस, तू करस, तो करस. अहिराणीत एकवचनात तिन्ही पुरुषांना स आहे, अनेकवचनात करतस. इंग्रजीने तो तिघांतल्या एकाच पुरुषाला दिला. मग ‘आय गोज’ लिहिणारं पोर घरची घडी वहीत उतरवतंय, की नुकताच शिकलेला नियम जास्त ताणतंय? आपल्या भागात हा प्रश्न सुचायला काहीच कठीण नव्हतं. पण आपण वर्गात शिरताना अहिराणी दाराबाहेर ठेवायला सांगतो. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. ती बाई कधी शाळेत गेली नाही आणि रचायची ती घरच्या लेवा बोलीत. नाव चालतं, बोली चालत नाही.

उत्तर मी देणार नाही, कारण ते वह्यांमध्ये आहे आणि वह्या तुमच्या हातात येणार आहेत. प्रकल्प म्हणून हेच घ्या. साक्री-शिंदखेड्याकडच्या अहिराणी घरांतल्या मुलांच्या वह्या, यावल-रावेरकडच्या लेवा बोलीतल्या मुलांच्या आणि धडगावकडच्या पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांच्या. इयत्ता एक, विषय एक, वेळ सारखाच. घरी अहिराणी नसलेली पावरी मुलंही तेवढ्याच वेळा ‘आय गोज’ लिहीत असतील, तर अहिराणीवर ठपका ठेवता येणार नाही. नुसते एस मोजू नका. कुठे लागला, कुठे गळला, कुठे भलतीकडे गेला, असे तीन रकाने पाडा. मग त्याच मुलाला तेच तोंडी सांगायला लावा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण शाळेला आणि पालकांना विचारूनच. लिहिताना एस येतो आणि बोलताना गळतो असं दिसलं, तर व्याकरण समजावणं थांबवून बोलण्याचा सराव वाढवायचा. दोन्हीकडे गळत असेल, तर अजून पुष्कळ ऐकवायला लागणार. पुढच्या आठवड्याचं टाचण यावरून ठरायला हवं, पुस्तकातल्या धड्याच्या क्रमावरून नाही.

आणि वह्या तपासायच्या आधी त्यांची झेरॉक्स काढून घ्या. एकदा लाल शाई पडली की पोराने मुळात काय लिहिलं होतं ते धड वाचता येत नाही.