पुलाखाली उतरताना

[दृश्य: खानापूर, कुंभाराचं अंगण]

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मडकं घेताना टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजलं तर घ्यायचं. बद्द वाजलं, तर आत कुठं तरी भेग आहे.

[दृश्य: मलप्रभेवरचा पूल, खालून]

कणकुंबीहून निघालेली मलप्रभा इथं गावाला लागून वाहते. पुलाखाली उभे आहेत नुकतेच नोकरीला लागलेले इंजिनिअर. पूल कसा तपासायचा ते शिकवणारे सर निवृत्त आहेत. हातात छोटा हातोडा.

टण्. वीतभर पुढे, टण्. पुन्हा टण्. आणि इथं, बद्द.

आतली सळई गंजली की फुगते आणि वरच्या काँक्रीटला उचकटते. वरून काही दिसत नाही, आधी कानाला कळतं. सर प्रत्येकाला डोळे मिटून ठोकायला लावतात. बद्द आवाज संपतो तिथं खडूनं रेघ, शेजारी तारीख, मग फोटो. पुढच्या वर्षी याच रेघेवरून कळेल, पोकळी किती वाढली.

[दृश्य: गर्डरखालचं, म्हणजे पुलाच्या तुळईखालचं बेअरिंग, फटीत उगवलेला पिंपळ]

पूल उन्हानं वाढतो, थंडीनं आखडतो. त्या हालचालीला जागा देतं ते हे बेअरिंग. माती साचली, मुळं शिरली की जागा अडते आणि ताण खांबावर येतो. रस्त्यावर गाडी थांबवून, कठड्यावरून वाकून हे दिसणार नाही. खालीच उतरावं लागतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

1967 साली अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला. 46 माणसं गेली. मूळ तडा जेमतेम अडीच मिलिमीटर खोल होता. त्यानंतरच तिथं पूल तपासणाऱ्याची पात्रता आणि प्रशिक्षण कायद्यानं ठरलं. आपल्याकडे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा पूल दोन एसटींसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती, असं सरकारनंच सांगितलं. 7 ऑगस्ट 2024 ला कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला.

[दृश्य: नदीपात्र, खांबाचा पायथा]

पण महाडसारखी मे महिन्यात तपासणी केली, तर नदी काय दाखवणार? ओढ्यात अनवाणी उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते. पुरात खांबाचं तसंच होतं. पाणी खांबावर आपटून खाली बुडी मारतं आणि पायाभोवती खड्डा खणतं. पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं बुजतो. उन्हाळ्यात तळ सपाट दिसतो, पण तो भुसभुशीत असतो. म्हणून सर लोखंडी गज रोवायला सांगतात. इथं तो हातभर सहज गेला.

[दृश्य: जाळं आवरणारे वयस्क मासेमार]

नदीकाठच्या माणसाला त्याच्या भाषेत विचारणं सहसा वर्गात शिकवत नाहीत, आणि शिकवायलाच हवं. सर मासेमारांना मराठीतून विचारतात, "मामा, पावसाळ्यात इथं पाणी किती खोल?"

"त्या मधल्या खांबाला बांबू टेकत नाही, साहेब. चार वर्षं झाली. आधी टेकायचा."

चार वर्षांची नोंद या माणसाकडे आहे. त्याला त्याच्या भाषेत कुणी विचारलं नव्हतं.

[दृश्य: तपासणीचा फॉर्म, जवळून]

शिकाऊ मुलगी कन्नड बोलणारी आहे. ती मामांचं वाक्य सरांकडून समजून घेते. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. ती समासात लिहिते: मधला खांब, बांबू टेकत नाही, चार वर्षं.