टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही!

नमस्कार मंडळी! माझ्या दगडखाणीच्या व्हिडिओखाली रोज तोच प्रश्न येतोय, "दादा, आमची बोअर खडी क्रशरशेजारी आहे, टीडीएस ४०० आलाय, म्हणजे पाणी चांगलंय ना?"

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पण पाण्यात हेवी मेटल आहे का ते त्यावरनं कळत नाही. हेवी मेटल म्हणजे शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल वगैरे धातू, पाण्यातनं जास्त पोटात गेले तर घातक. आपल्या सोलापूरच्या काळ्या दगडात क्रोमियम-निकेल मुळातच थोडं असतं, पण ते दगडात घट्ट बसलेलं असतं, आणि आपली काळी चुनखडीची माती शिसं-कॅडमियम बरंच धरून ठेवते. मला खरी भीती वाटते ती बंद पडलेल्या खाणीची. खड्डा मोकळा दिसला की लोक जुन्या बॅटऱ्या, जळकं ऑईल, गावाचा कचरा तिथंच नेऊन टाकतात, आणि तिथं खाली मातीच नाही ओ, नुसता फटी पडलेला दगड, त्यामुळं पाणी गाळलं न जाता फटीफटीतनं जवळच्या विहिरीत उतरू शकतं.

आता टीडीएस. हे मीटर पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरनं क्षारांचा अंदाज सांगतं, बास. कुठला क्षार ते त्याला कळत नाही. शिशाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि मीटरवरचा एक आकडा म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या १०० पट! ४०० चं ४०१ झालं तर तुम्ही बघणार तरी आहात का? उलट ९०० टीडीएसचं खारट पाणी शिशाच्या बाबतीत एकदम स्वच्छ असू शकतं.

आमच्या दारात एकजण फिल्टर विकायला आला, पाण्यात विजेला जोडलेल्या दोन दांड्या बुडवल्या, पाणी तपकिरी झालं, आई घाबरली. अहो तो गंज त्या दांड्यांच्याच लोखंडाचा! आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. असं घाबरवून माल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

एका ताईंनी विचारलंय, उकळून चालेल का? नाही ताई, जंतू मरतात, धातू तिथंच राहतो आणि पाणी मात्र आटतं.

मग करायचं काय, तर लॅबमध्ये "हेवी मेटल टेस्ट" असं वेगळं सांगायचं, साध्या रिपोर्टात पीएच, हार्डनेस, टीडीएस एवढंच येतं बऱ्याचदा. बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग नमुना भरायचा. या टेस्टसाठी लॅब देते त्या बाटलीत बऱ्याचदा तळाला ॲसिडचे थेंब असतात, धातू बाटलीला चिकटू नये म्हणून. अक्कलकोट रोडच्या आमच्या मामांनी बाटली स्वच्छ हवी म्हणून तीनदा विसळली आणि नमुना परत द्यावा लागला. ते थेंब ओतू नका, हात लावू नका, सरळ वरनं पाणी भरा आणि झाकण लावा.