ठेकेदाराचं बिल वाचताना

(भोसरी परिसरातल्या लघुउद्योजकांसमोरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या शॉपमध्ये दोन प्रकारची माणसं काम करतात. काही तुमच्या पेरोलवर, बाकीची ठेकेदाराची. मशीन तेच, शिफ्ट तीच. ऑर्डर वाढली की ठेकेदाराला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी पाच हेल्पर गेटवर हजर. या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. पंधरा माणसांच्या कारखान्याला पगारपत्रक आणि पीएफ-विम्याच्या भरण्याची चलनं सांभाळायला वेगळा माणूस परवडत नाही. पण माणूस ठेकेदाराचा असला तरी कायद्याच्या नजरेत मुख्य मालक तुम्हीच राहता, एवढं मला आज तुमच्या गळी उतरवायचं आहे.

हिशेब मांडू. समजा, कामगाराचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये. पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) मालकाचा हिस्सा, त्याला जोडलेला विमा आणि प्रशासकीय खर्च धरून 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, 3.25 टक्के, म्हणजे 488. बोनस किमान 8.33 टक्क्यांनी, 1,250. झाले 18,688. यात भरपगारी रजा नाही, गणवेश नाही, ठेकेदाराचा सर्व्हिस चार्जही नाही. वर पूर्ण बिलावर 18 टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या जीएसटीतून वजा होतो, पण कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत, असाल तर तेही नाही.

आता एखादा ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, सगळं धरून 17,500 मध्ये बसवतो.’ कसं बसवणार? त्याचा नफा कुठून तरी यायला हवा. तो बहुतेक वेळा पीएफमधून येतो. कामगाराच्या पगारातून 1,800 कापलेले असतात, मालकाचा हिस्सा तुम्ही बिलात दिलेला असतो आणि खात्यात काहीच जमा होत नाही. हे कामगाराच्या म्हातारपणाचे पैसे आहेत. स्वस्त दर मान्य करताना ते कोणाच्या खिशातून येणार हे आपल्याला कळत असतं, म्हणून मला याचा राग येतो.

ठेकेदाराने पगार थकवला तर तो तुम्हाला द्यावा लागतो आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावा लागतो. पीएफ, ईएसआयचंही तसंच. तोवर ठेकेदाराने गाशा गुंडाळलेला असला तर वसुली कोणाकडून करणार?

काहीजण म्हणतात, आम्ही लहान, आम्हाला हे लागू नाही. ठेका कामगारांच्या नोंदणीची आणि परवान्याची मर्यादा महाराष्ट्रात 50 वर नेली, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती 50 आहे, हे खरं. पण पीएफ 20 माणसांवर आणि ईएसआय 10 वर लागू होतो, आणि मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरतात. तुमची 12 आणि त्याची 9 मिळून 21 झाली!

प्रेस शॉपवाल्यांनी, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेस चालवणाऱ्यांनी, ईएसआयकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं. पॉवर प्रेसवर बोटं गेलेला मुलगा या पट्ट्यात कोणी पाहिला नाही असं नाही. त्याची नोंदणी असेल तर उपचार आणि अपंगत्वाचा लाभ ईएसआयकडून मिळतो. नसेल तर नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावर येतो, आणि त्या मुलाला मधले महिने उधारीवर काढावे लागतात. कामावर घेतल्याच्या दिवशीच त्याचा विमा क्रमांक मागा.

चलनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. ठेकेदार सगळ्या कारखान्यांतल्या माणसांचं मिळून एकच चलन भरतो. तीच प्रत पाच मालकांना दाखवली तरी पाचही जण समाधानी. नुसत्या चलनावरून तुमच्या माणसाचे पैसे भरले की नाही हे कळत नाही. त्यासोबत ईसीआर, म्हणजे पीएफ भरण्याची कामगारवार यादी, मागा. त्यात प्रत्येकाचं नाव आणि यूएएन, म्हणजे त्याचा कायमचा पीएफ क्रमांक, असतो. ती यादी तुमच्या गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहा. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा, म्हणून नवं बिल मागच्या महिन्याचा ईसीआर पाहूनच पास करा. आणि कामगारांना उमंग ॲपवर पासबुक उघडायला शिकवा. त्यांच्याइतकी बारीक तपासणी कोणताही ऑडिटर करणार नाही.

कोर्टाचाही एक मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सांगितलं की, ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. पण ठेका निव्वळ कागदावरचा असेल तर ते मूळ मालकाचेच ठरतात. काम तुमचा सुपरवायझर देतो, रजा तोच मंजूर करतो, ठेकेदार फक्त बिल घेऊन येतो, असं असेल तर करार कितीही जाड असला तरी टिकणं अवघड.

ठेकेदार बदलताना बरेच जण माणसं तीच ठेवतात आणि नाव फक्त बदलतात. त्या माणसाची सेवा मात्र कागदावर पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि ग्रॅच्युइटीची वर्षं बुडतात. म्हणून जुन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल रोखून ठेवा. आधी त्याच्याकडून प्रत्येकाचा रजेचा पगार, बोनस आणि देय असेल तर ग्रॅच्युइटी चुकती करून घ्या, आणि तसं कलम करारात पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.