पुसायचं राहून गेलेलं तेल

मित्रहो, क्यूला, म्हणजे स्नूकरच्या काठीला, तेल लावून आठवडा उलटला तरी शाफ्ट, म्हणजे तिचा पुढचा निमुळता भाग, हाताला चिकटतो, ही तक्रार स्नूकर खेळणाऱ्यांकडून मी सतत ऐकतो. मग कुणी हाताला पावडर फासतो, कुणी सँडपेपर उचलतो, तर कुणी क्यू केसमध्ये ठेवून ‘वाळेल हळूहळू’ म्हणत वाट पाहतो. या तिन्ही गोष्टी मला पटत नाहीत. त्याऐवजी काय करावं, ते आज सविस्तर सांगणार आहे.

आधी तेल वाळतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. क्यूसाठी बहुतेक जण जवसाचं तेल वापरतात. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाचा घट्ट थर बनतो. या प्रक्रियेत तेलाचं वजन घटत नाही, उलट थोडं वाढतं. म्हणजे तेलाला हवा लागते, ऊब लागते, उजेडाचीही मदत होते. बंद केसमध्ये यातलं काहीच मिळत नाही. क्यू केसमध्ये ठेवून वाट पाहणाऱ्यांचा क्यू महिनाभरानेही तसाच असतो, त्याचं कारण हे.

आता जाड थर लावला तर? हवा वरच्या बाजूने लागते, म्हणून वरचा पापुद्रा आधी धरतो. दुधावर साय धरावी तसं होतं. खाली तेल ओलंच, आणि सायीमुळे त्याला हवा मिळायची बंद. बोट ठेवलं की पापुद्रा दबतो, सरकतो, त्वचेला धरून ठेवतो. स्नूकरमध्ये हे फार जाचक आहे. ब्रिज हँडच्या, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या हाताच्या, अंगठ्याच्या खोबणीतून शाफ्ट सरळ, एकसारखा सरकायला हवा. तिथे किंचित अडखळला तरी क्यूइंग बिघडतं.

तेव्हा मूळ मुद्दा एवढाच की चिकटपणा लाकडात मुरलेल्या तेलाचा नसतो, तो लाकडावर राहून गेलेल्या तेलाचा असतो. लाकडाला जेवढं प्यायचं तेवढं ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पितं. उरलेलं त्याच वेळी पुसून काढायचं असतं, आणि ते पुसणं राहून जातं.

मात्र चिकट लागणारी प्रत्येक गोष्ट तेलच असेल असं नाही. म्हणून आधी पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने शाफ्टचा वीतभर भाग पुसा आणि लगेच कोरडा करा. फडकं काळपट-हिरवट झालं आणि शाफ्ट सुळसुळीत लागला, तर तो घाम आणि क्यूच्या टोकाला लावायच्या खडूचा मळ होता, विषय संपला. काही फरक पडला नाही तर टर्पेंटाइनचे दोन-तीन थेंब घेऊन त्याच जागी पुसा. फडक्यावर पिवळसर, चिकट डाग उतरला तर ते न धरलेलं तेल. आणि चिकटपणा फक्त बटावर, म्हणजे हाताने धरायच्या मागच्या जाड भागावर असेल, तर तेलाला दोष देण्याआधी हातांचं सॅनिटायझर आठवा. बटावर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोलने ते मऊ पडतं. त्याचा उपाय निराळा आहे, आज त्यात शिरत नाही.

तेलच निघालं तर काम सोपं आहे, फक्त घाई नको. सुती फडक्यावर टर्पेंटाइन घ्या, ओघळ येईल इतकं नको, आणि जॉइंटकडून (क्यूचे दोन भाग जोडतात तिथून) टिपेकडे, म्हणजे टोकावरच्या चामड्याकडे, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. फडक्याची घडी सतत बदला. तीच बाजू फिरवत राहिलात तर काढलेलं तेल परत पसरतं. टिपेच्या जरा अलीकडे थांबा, कारण तेलाळलेलं चामडं खडू धरत नाही. एनसी थिनर, म्हणजे रंगकामातला तीव्र थिनर, वापरू नका. बटावरच्या व्हार्निशचा तो नाश करतो. खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास आग नको.

थर जुना, डिंकासारखा झाला असेल तर नुसत्या टर्पेंटाइनने तो हलत नाही. तिथे ताजं तेल कामी येतं, आणि हे ऐकून काहींना नवल वाटेल. पातळ ताजं तेल चोळून काही मिनिटं ठेवलं की खालचा अर्धवट धरलेला थर मऊ पडतो. मग नायलॉनच्या जाळीदार पॅडने हलकं घासायचं. पॅड पांढरा किंवा राखाडी घ्या. हिरवा फार खरखरीत असतो. त्यानंतर सगळं, अगदी सगळं, कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. ॲश लाकडाच्या शाफ्टवर स्टील वूल मी टाळतो. ॲशच्या रेषांमध्ये उघडी छिद्रं असतात, तिथे लोखंडाचे कण अडकतात आणि दमट हवेत गंजून काळे ठिपके पडतात. मेपल लाकडाची रंध्रं बारीक असतात, तिथे ही भीती कमी.

सँडपेपरबद्दल मी कडक बोलतो, कारण त्याचं नुकसान भरून येत नाही. टिपेजवळ शाफ्ट जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटर जाड असतो. लाकूड थोडं जरी घासलं गेलं तरी पितळी फेरूलची, म्हणजे टिपेखालच्या कड्याची, कड लाकडाच्या वर येते. त्या सांध्यावरून नख फिरवून बघा. धड असलेल्या क्यूवर नख अडत नाही, घासलेल्यावर टिचकन अडतं. आणि टेपर, म्हणजे शाफ्टचा निमुळतेपणा, एकदा बदलला की तो क्यू हातात पूर्वीसारखा लागत नाही.

साफ केल्यावर क्यू उजेडात, मोकळ्या हवेत, सपाट जागी आडवा ठेवा. भिंतीला तिरका टेकवून दिवसेंदिवस ठेवू नका, बाक येऊ शकतो. रोज कोरडं फडकं फिरवा, कारण छिद्रांतून थोडं तेल वर येत राहतं. तेलाचा वास जवळजवळ गेला आणि उलटी बोटं शाफ्टवरून न अडखळता गेली, की तेल धरलं. त्याआधी तेलाचा पुढचा हात देऊ नका. पुढच्या वेळी फडक्यावर मोजके थेंब, तळहाताने शाफ्ट गरम होईपर्यंत चोळणं, आणि दहा-पंधरा मिनिटांत पुसणं, बस.

तेलाची निवडही महत्त्वाची. कच्चं जवस तेल धरायला कित्येक दिवस घेतं. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात, ते पातळ हातात साधारण दिवसा-दोन दिवसांत धरतं. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल मात्र कधीच धरत नाही, वाट पाहून उपयोग नाही. ते टर्पेंटाइनने उतरवावंच लागतं. बाटलीची खात्री नसेल तर काचेवर तेलाचा पातळ हात ओढून आठवडाभर ठेवा. ओलाच राहिला तर ते तेल क्यूला लावू नका.

शेवटी फडक्यांचं. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकली तर ऑक्सिजन घेताना निर्माण होणारी उष्णता आत साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. काम संपल्यावर हात धुण्याच्या आधी हे करा.