कुत्र्याला कच्चा आहार देण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

पाळीव कुत्र्याचे तयार कोरडे खाद्य किंवा शिजवलेले जेवण थांबवून त्याला कच्चे मांस, कच्ची हाडे आणि यकृत, मूत्रपिंड यांसारखे अवयव द्यावेत का, हा प्रश्न आता कुत्रा पाळणाऱ्या पुष्कळ घरांत निघतो. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ मध्ये या आहाराचा जाहीर पुरस्कार केला आणि तेव्हापासून त्याचे अनुयायी वाढत गेले. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये कुत्र्यामांजरांना कच्चे प्राणिज अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली. या दोन मतांमध्ये सापडलेल्या मालकाचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. निरोगी, प्रौढ कुत्र्याचा आहार विचारपूर्वक बदलता येतो. मात्र तो बदलताना कुत्र्याच्या पोटाइतकाच घरातील माणसांच्या प्रकृतीचाही विचार झाला पाहिजे, आणि नेमका तोच विचार सर्वांत कमी होतो.

कुत्रा हा मुळात लांडगा, म्हणून त्याला लांडग्याचेच अन्न मानवते, असे अनेक जण सांगतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात निराळेच चित्र दिसले. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगताना कुत्र्याची पचनशक्ती बदलली आहे, आणि शिजवलेले धान्य पोटात गेल्याने त्याच्यावर काही अन्याय होतो असे मानण्याचे कारण नाही. कच्च्या मांसाचे पचन चांगले होते, विष्ठेचे प्रमाण कमी होते, कच्ची हाडे चघळल्याने दातांवरचे किटण कमी होते, हे खरे आहे. कठीण हाडावर दाढ फुटते, हेही तितकेच खरे आहे. शिजवलेले हाड तर कधीच देऊ नये, कारण त्याचे टोकदार तुकडे होऊन आतड्याला इजा होते.

समतोलाविषयी थोडक्यात सांगते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम अगदी अल्प असते. आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके तरी असावे लागते. ते मिळाले नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते, आणि वाढत्या पिल्लाची हाडे इतकी मऊ होतात की साध्या उडीने ती मोडतात. याउलट यकृत भरमसाट दिले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन सांधे आखडतात. कच्चा आहार देणारे लोक साधारणपणे ऐंशी टक्के मांस, दहा टक्के खाण्याजोगे हाड, पाच टक्के यकृत आणि पाच टक्के इतर अवयव असे प्रमाण धरतात. हे प्रमाण आरंभबिंदू म्हणून ठीक आहे, पण तेवढ्याने आहार परिपूर्ण होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. म्हणून पशुवैद्याकडून आहार लिहून घ्यावा आणि प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर मोजूनच द्यावा. कुत्र्यासाठी महागडी गादी आणि पट्टा घेणाऱ्या घरात वजनकाटा नसावा, याचे मला नेहमी वाईट वाटते. आज लठ्ठपणाने हालचाल मंदावलेली जी कुत्री आपण पाहतो, त्यांतील कितीतरी केवळ अंदाजाने वाढलेल्या जेवणामुळे तशी झालेली असतात.

आता एक जुनी हकिगत सांगते आणि तिला थोडा अधिक वेळ देते, कारण कुत्रा आणि कच्चे अवयव यांचा विषय निघाला की ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

एकोणिसाव्या शतकात आइसलँड हे बेट डेन्मार्कच्या अंमलाखाली होते. तेथील जीवन मेंढ्यांवर अवलंबून होते आणि मेंढ्या राखण्यासाठी घरोघरी कुत्री होती. हिवाळा दीर्घ आणि कडक असल्यामुळे माणसे आणि कुत्री एकाच छताखाली, अगदी जवळजवळ राहत. या बेटावर एक आजार विलक्षण प्रमाणात पसरला होता. माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली गाठ तयार होई, ती वर्षानुवर्षे सावकाश वाढत राही, पोट फुगत जाई आणि शेवटी कित्येकांचा त्यात अंत होई. शेजारपाजारच्या देशांत हा आजार इतका का आढळत नाही आणि येथेच का आढळतो, हे लोकांना उमगत नव्हते.

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन सीबोल्ड यांनी मेंढ्यांच्या शरीरातील अशाच गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या होत्या आणि त्या कुत्र्यांच्या आतड्यात अगदी बारीक पट्टकृमी निर्माण झालेले पाहिले होते. हा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे हे डॅनिश संशोधक आइसलँडला गेले आणि त्यांनी तेथील शंभर कुत्र्यांचे शवविच्छेदन केले. त्या शंभरांपैकी अठ्ठावीस कुत्र्यांच्या आतड्यांत हा पट्टकृमी सापडला. तेथील डॉक्टर योन फिन्सेन यांच्या साहाय्याने त्यांनी माणसाच्या शरीरातून काढलेल्या गाठीतील द्रव्य कुत्र्यांना दिले, आणि त्यातूनही तोच कृमी उत्पन्न होतो हे दाखवले.

अशा रीतीने साखळीचे सर्व दुवे जुळले. मेंढी कापली की तिचे गाठी असलेले यकृत आणि फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकले जाई. कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढत आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडत. ती अंडी कुरणात पसरत, तशीच कुत्र्याच्या केसांना आणि जिभेलाही चिकटत. कुरणातून ती मेंढीच्या पोटात जात, आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातावरून माणसाच्या तोंडात जात. या सगळ्या काळात कुत्रा कसा दिसत असे? तो पूर्णपणे निरोगी दिसत असे. पुन्हा सांगते, श्रोतेहो: ज्याच्या पोटात हजारो कृमी होते, तो कुत्रा निरोगी दिसत असे, धावत असे, भरपूर खात असे आणि मुलांशी खेळत असे. आजार दिसे तो केवळ माणसांत आणि मेंढ्यांत.

क्राब्बे यांनी त्यानंतर जे केले, त्याविषयी मला विशेष आदर वाटतो. आपले निष्कर्ष विद्वानांच्या ग्रंथापुरते न ठेवता त्यांनी आजाराचे कारण आणि त्यावरचा उपाय सांगणारी एक पुस्तिका लिहिली. ती लोकांच्या भाषेत १८६४ मध्ये छापली गेली आणि बेटावरील घरोघरी पोहोचवण्यात आली. वाचनाची गोडी असलेल्या त्या समाजाने ती वाचली. आरोग्याची माहिती लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या दाराशी मिळाली पाहिजे, या माझ्या आग्रहाला याहून चांगला आधार मला आजवर सापडलेला नाही. १८६९ मध्ये कुत्री पाळण्याविषयी कायदा झाला, १८९० मध्ये तो अधिक कडक झाला, कुत्र्यांना नियमित जंतनाशक देणे सुरू झाले आणि गाठी असलेले अवयव पुरून किंवा जाळून टाकण्याची शिस्त लागली. गाठ वाढायला अनेक वर्षे लागत असल्यामुळे जुने रुग्ण पुढेही दिसत राहिले, पण नंतरच्या पिढीत हा आजार झपाट्याने ओसरला आणि विसाव्या शतकात ते बेट त्यातून मुक्त झाले. प्रभावी आधुनिक जंतनाशक औषधे नंतर आली. मोठे काम झाले ते कुत्र्यापुढे कच्चे अवयव टाकण्याची सवय मोडल्यामुळे.

हा कृमी जगातून गेलेला नाही. मेंढ्या, शेळ्या आणि गुरे पाळणाऱ्या अनेक प्रदेशांत तो आजही आहे. म्हणून तपासणी न झालेल्या जनावराचे कच्चे यकृत किंवा फुफ्फुस कुत्र्याला कधीही देऊ नये. अवयव द्यायचेच असतील तर ते चांगले उकळून द्यावेत, आणि कच्च्या आहाराचा कितीही आग्रह असला तरी ही एक बाब शिथिल करू नये.

गोठवण्याविषयी एक गैरसमज आहे. उणे वीस अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवल्याने मांसातील अनेक परजीवी मरतात, परंतु साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू मरत नाहीत. पुन्हा सांगते, गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, ते केवळ स्वस्थ बसतात. साल्मोनेला असलेले मांस खाल्लेला कुत्रा आजारी न पडताही काही दिवस विष्ठेतून ते जंतू बाहेर टाकत राहू शकतो. त्यामुळे ज्या घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध व्यक्ती किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण आहे, त्या घराने कच्चा आहार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्लांना आणि स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणाऱ्या कुत्र्यांनाही तो देऊ नये. कच्चे डुकराचे मांस कोणत्याही कुत्र्याला देऊ नये, कारण त्यातून औयेस्की नावाचा, कुत्र्याला हमखास मारणारा विषाणुजन्य रोग होऊ शकतो.

एवढे सगळे पाहून ज्यांना बदल करायचा आहे, त्यांनी तो आठदहा दिवसांत, हळूहळू करावा. जुन्या अन्नाचा चौथा हिस्सा कमी करून तेवढे नवे अन्न द्यावे, दोनतीन दिवस विष्ठा पाहावी आणि मगच पुढचा हिस्सा बदलावा. सुरुवातीला एकाच प्राण्याचे, कमी चरबीचे मांस ठेवावे, कारण अचानक आलेल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न पुरते. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला चारशे ते सहाशे ग्रॅम. विष्ठा पांढरी, खडूसारखी कोरडी झाली तर हाड जास्त होत आहे असे समजावे. मांस फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात वितळू द्यावे. ते धुऊ नये, कारण धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. अर्ध्या तासात न संपलेले अन्न टाकून द्यावे आणि भांडे गरम पाण्याने, साबण लावून धुवावे. जेवण झाल्याबरोबर कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये, आणि मुलांना ही सवय समजावून सांगावी.

शेवटी जंतनाशकाविषयी. त्या पट्टकृमीला कुत्र्याच्या पोटात वाढून अंडी घालू लागायला साधारण सहा ते सात आठवडे लागतात. म्हणून हा कृमी आढळणाऱ्या प्रदेशात कच्चे मांस किंवा अवयव खाणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे औषध दर सहा आठवड्यांनी देण्याचा सल्ला दिला जातो, म्हणजे अंडी बाहेर पडण्यापूर्वीच कृमी मरतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते; ती पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी, आणि आहार बदलण्याचा दिवस नक्की करण्यापूर्वी त्यांच्याकडून कुत्र्याच्या विष्ठेची तपासणीही करून घ्यावी.

नमस्कार.